गुंडाचा आवाज आणि मालकाची कात्री

'द लाँग गुड फ्रायडे' या ब्रिटिश चित्रपटाच्या शेवटी लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातून हॅरॉल्ड शँड हा गुंड तावातावाने बाहेर पडतो. वर अमेरिकन पाहुण्यांना चार शब्द सुनावून आलाय, अंगातली रग अजून उतरलेली नाही. दारात उभ्या असलेल्या गाडीत मागच्या सीटवर बसतो, गाडी सुटते, आणि मग त्याच्या ध्यानात येतं की चालवणारा आपला माणूस नाही. दुसऱ्या एका गाडीत त्याची जोडीदार व्हिक्टोरिया दिसते, तिलाही कुणीतरी घेऊन चाललंय. पुढच्या सीटवरून एक देखणा तरुण पिस्तूल रोखतो. तो पिअर्स ब्रॉस्नन, पुढे जेम्स बाँड झालेला. तेव्हा त्याला कुणी ओळखतही नव्हतं.

त्यानंतर जवळपास दोन मिनिटं कॅमेरा हॅरॉल्ड झालेल्या बॉब हॉस्किन्सच्या चेहऱ्यावर असतो. आधी संताप. मग डोळे इकडेतिकडे फिरतात, सुटायची वाट आहे का ते बघतात. मग भीती दिसते, अगदी स्पष्ट. ओठ आवळले जातात, दात दिसतात, क्षणभर हसल्यासारखं काहीतरी येऊन जातं. मग हळूहळू त्या माणसाला सगळं कळतं: कुठे चुकलं, कोणी फसवलं, आता काय होणार. फ्रान्सिस माँकमनचं संगीत चालू असतं आणि रस्त्यावरचे दिवे काचेवरून सरकत असतात. हॅरॉल्ड एक शब्द बोलत नाही.

'द लाँग गुड फ्रायडे' हा चित्रपट मी पहिल्यांदा एका फिल्म सोसायटीत पाहिला, तेव्हा शेवटच्या पाट्या संपल्या तरी कुणी उठलं नव्हतं. त्याची खरी हकिगत मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाली. जॉन मॅकेन्झी या दिग्दर्शकाने हा चित्रपट १९७९ साली चित्रित केला, पण इंग्लंडच्या थिएटरांत तो नीट लागला १९८१ मध्ये. एवढा वेळ तो डब्यात पडून का राहिला, त्यावर कोण कात्री धरून बसलं होतं आणि तो सुटला कसा, हे आपण समजून घ्यायला हवं असं मला वाटतं. कारण तीच कात्री आज आपल्याकडे रोज चालते आहे आणि तिचा आवाजही होत नाही.

कथा थोडक्यात सांगतो. हॅरॉल्ड शँड हा लंडनच्या पूर्व भागाचा अनभिषिक्त राजा. दहा वर्षं शहरात टोळीयुद्ध नाही, सगळे त्याला मानतात. त्याला आता गुंड म्हणवून घ्यायचं नाही, उद्योगपती व्हायचंय. टेम्स नदीकाठच्या गोद्या बंद पडत चालल्या आहेत. ती जमीन घ्यायची, तिथे इमारती उठवायच्या, पुढेमागे ऑलिम्पिक आणायचं, आणि या सगळ्यासाठी अमेरिकन माफियाचा पैसा लावायचा असा त्याचा बेत. पाहुणे आले आहेत, नावेवर मेजवानी आहे, आणि नेमका त्याच गुड फ्रायडेला त्याच्यावर एकामागून एक घाव पडू लागतात. आई चर्चमध्ये प्रार्थनेला गेलेली असताना बाहेर तिची गाडी बॉम्बने उडते. जिवलग मित्राला जलतरण तलावावर भोसकलं जातं. पाहुण्यांना घेऊन ज्या पबमध्ये जेवायला जायचं, तो पब डोळ्यांदेखत उडतो. हे करतंय कोण? हॅरॉल्ड शहरातले सगळे दादा गोळा करतो आणि कत्तलखान्यात, जनावरं टांगायच्या आकड्यांना उलटे लटकवून त्यांना विचारतो. कुणालाच माहीत नसतं. खरोखरच माहीत नसतं.

उत्तर त्याच्या घरातच असतं. त्याचा उजवा हात असलेला जेफ आणि महापालिकेतला एक नगरसेवक यांनी, बांधकामांवर आयरिश मजुरांची कटकट होऊ नये म्हणून, उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून सोडवण्यासाठी शस्त्र घेऊन लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मीला, म्हणजे आयआरएला, गुपचूप पैसे पोचवलेले असतात. त्या पैशात मधल्या माणसाने हात मारला, पाठोपाठ आयआरएची माणसं मारली गेली, आणि तिकडून हिशेब चुकता करायला लोक आले. हॅरॉल्डचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. पण नाव त्याचं होतं.

हे कारण चित्रपटाच्या कंपनीला नको होतं. पैसा घातला होता लू ग्रेड यांच्या कंपनीने. ग्रेड म्हणजे ब्रिटिश टेलिव्हिजनमधलं मोठं प्रस्थ. त्यांना वाटलं की हा चित्रपट आयआरएची भलामण करतो. चित्रपट थिएटरात न लावता कापूनछाटून टीव्हीवर दाखवायचा आणि आयआरएचा भाग शक्य तेवढा काढून टाकायचा असं ठरू लागलं. त्यात आणखी एक गोष्ट घडली. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना हॉस्किन्सची लंडनी बोली कळणार नाही म्हणून त्याचा आवाजच काढून, मिडलँड्सकडच्या, म्हणजे मध्य इंग्लंडातल्या, एका नटाकडून तो नव्याने भरून घेतला गेला.

ग्रेड यांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये स्फोट होऊन २१ माणसं मेली होती. १९७९ च्या मार्च महिन्यात खुद्द ब्रिटिश संसदेच्या आवारात एअरी नीव्ह या खासदाराच्या गाडीखाली बॉम्ब फुटला, ऑगस्टमध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर माउंटबॅटन यांची बोट उडवण्यात आली. ज्या देशात हे चाललंय, तिथे पडद्यावर पब उडताना दाखवायचा म्हणजे कुणाची तरी जखम उघडी करणं होतंच. त्या २१ जणांच्या घरच्यांना तो प्रसंग कसा वाटला असेल याचा विचार मी करतो तेव्हा मलाही चट्कन बोलवत नाही. आणि पैसा ज्याचा, त्याने जोखीम किती घ्यावी हे त्याला ठरवू द्यावं, हाही मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही.

तरीही ती कात्री चुकीचीच होती, कारण ती नेमकी कुठे लागणार होती ते पाहा. संपूर्ण चित्रपट एका प्रश्नावर उभा आहे: हे कोण करतंय? त्याचं उत्तरच कापलं तर काय राहतं? काही स्फोट, एक सुरा, आकड्यांना लटकलेली माणसं. रक्त थोडं कमी-जास्त झालं असतं, कारण मात्र समूळ गेलं असतं. बांधकामाच्या जमिनीसाठी नगरसेवक, पोलीस अधिकारी, गुंड, परदेशी भांडवल आणि शस्त्रधारी संघटना हे सगळे एका साखळीत कसे येतात, हे तो चित्रपट सांगतो. ती साखळी काढून टाकली की उरते ती नुसती मारामारी. आणि कारण नसलेल्या मारामारीनेच तरुण पोरांना गुंडगिरीचं आकर्षण वाटतं, असं माझं ठाम मत आहे.

शिवाय आयआरएची भलामण त्यात आहे कुठे? तिथली माणसं जेमतेम बोलतात. ती येतात, मारतात, निघून जातात. हॅरॉल्डला वाटतं की पैसे दिले की हेही गप्प बसतील, नाहीतर दोन-चार माणसं उडवली की घाबरतील. आयुष्यभर त्याने हेच केलंय. पण यांना विकत घेता येत नाही आणि घाबरवताही येत नाही, हे त्याला अखेरीस त्या गाडीत कळतं. हा भीतिदायक विचार आहे. ब्रिटिश सरकारलाही तो पुढे कितीतरी वर्षं जड गेला. असा विचार प्रेक्षकांपुढे ठेवणं म्हणजे कुणाचा झेंडा हाती घेणं नव्हे.

पटकथा लिहिणारे बॅरी कीफ पूर्व लंडनमध्ये वार्ताहर होते, म्हणून तिथला प्रत्येक माणूस आणि त्याची लकब त्यांच्या लेखणीत उतरली. टॉवर ब्रिज मागे ठेवून हॅरॉल्ड नावेवर भाषण करतो तो प्रसंग मला फार मोठा वाटतो. एक बुटका, जाडजूड माणूस उत्तम सूट घालून उभा आहे, हात पसरून सांगतोय की मी राजकारणी नाही, मी धंदेवाला आहे, मला इतिहासाची जाण आहे आणि मी लंडनचा आहे. मागून पूल सरकतो. ऐकणाऱ्यांत त्याची सगळी यंत्रणा बसलेली आहे. हे चित्रित झालं १९७९ मध्ये, ज्या वर्षी मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या. दोन वर्षांनी, १९८१ मध्ये, सरकारने त्याच गोद्यांच्या जमिनीसाठी खास विकास महामंडळ स्थापन केलं. पुढे तिथे कॅनरी वॉर्फचे मनोरे उभे राहिले. ऑलिम्पिकही आलं, २०१२ मध्ये, त्याच पूर्व लंडनमध्ये. एका गुंडाच्या तोंडी घातलेलं स्वप्न शहराच्या नकाशावर उतरलं. असा चित्रपट कापून छोटा करायचा होता!

गिरणगावात ज्याचं बालपण गेलं त्याला हे पाहताना वेगळं वाटणारच. माझे वडील गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांचं परत आत जाणं झालंच नाही. माणसं गेली, जमीन राहिली. मग त्या जमिनीसाठी काय काय झालं ते मुंबईने पाहिलं. १९९४ मध्ये महालक्ष्मीला एका गिरणीमालकाला भर रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या तेही पाहिलं. लंडनच्या गोद्या आणि परळच्या गिरण्या यांची सरसकट बरोबरी मी करत नाही. तिथली आयआरए इथे नव्हती, इथला संप तिथे नव्हता. पण बंद पडलेल्या जमिनीवर गुंड, पुढारी आणि बांधकामवाला एकत्र कसे येतात हे मला शाळा-कॉलेजात कुणी शिकवलं नाही. परक्या देशातल्या त्या एका चित्रपटाने ते डोळ्यांसमोर आणलं.

आता आवाजाबद्दल. हॉस्किन्स लंडनमध्येच वाढलेला, पंधराव्या वर्षी शाळा सोडलेला माणूस. त्याची बोली ही हॅरॉल्डची निम्मी ताकद आहे. तो आवाज काढून टाकायचा म्हणजे लालबागच्या माणसाच्या तोंडी नागपूरकडची बोली भरायची आणि म्हणायचं, काय फरक पडतो, मराठीच आहे ना! फरक पडतो. माणूस कुठून वर आला, कुणाला घाबरतो, कुणापुढे आवाज चढवतो, हे सगळं बोलीत असतं. आपल्याकडे व्यावसायिक रंगभूमीवर मालवणीतलं 'वस्त्रहरण' आलं तेही याच सुमारास, १९८० मध्ये, आणि पुणे-मुंबईच्या नाट्यगृहांत प्रेक्षकांनी ती बोली कान देऊन ऐकली, तिच्यासाठी पुन्हा पुन्हा तिकिटं काढली. प्रेक्षकाला कळणार नाही, हे नेहमी प्रेक्षकाला न विचारताच ठरवलं जातं. हॉस्किन्सने ते मानलं नाही. त्याने कोर्टाची पायरी चढली.

चित्रपट सुटला तो मात्र वेगळ्याच वाटेने. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन आणि त्याची हँडमेड फिल्म्स ही कंपनी पुढे आली आणि त्यांनी तो विकत घेतला. हीच कंपनी त्याआधी 'लाइफ ऑफ ब्रायन' हा विनोदी चित्रपट वाचवण्यासाठी जन्माला आली होती, कारण त्यात पैसा घालणाऱ्या ईएमआय कंपनीने धार्मिक वादाच्या भीतीने ऐनवेळी त्यातून अंग काढून घेतलं होतं. ईएमआयमधून तो निर्णय घेणारे बर्नार्ड डेलफाँट हे लू ग्रेड यांचे सख्खे भाऊ. दोन भावांनी दोन चित्रपट सोडले आणि दोन्ही एकाच गायकाने उचलले. कथेत लिहिलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

आणि मग लोकांनी काय केलं? पाहिला. डोक्यावर घेतला. थिएटरांत दंगली झाल्या नाहीत. हॉस्किन्सला बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचं नामांकन मिळालं. अमेरिकेत समीक्षक रॉजर एबर्ट यांनी चारपैकी चार तारे दिले, आणि त्या प्रेक्षकांना हॉस्किन्सचीच बोली ऐकायला मिळाली. १९९९ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने विसाव्या शतकातल्या शंभर उत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटांची यादी केली, त्यात तो एकविसावा होता. गुन्हेगारीपटांत त्याच्या वर 'गेट कार्टर'सारखी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच नावं होती.

ही झाली सुखान्त गोष्ट. मला तिचं समाधान वाटत नाही. हॅरिसन नसता तर? गीतांतून कमावलेला पैसा चित्रपटांत घालणारा आणि वेळेवर भेटणारा श्रीमंत माणूस दर खेपेला कुठून आणायचा? आणि किती चित्रपटांना असा कुणी भेटलाच नसेल? त्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत.

सेन्सॉरच्या कात्रीविषयी आपण पुष्कळ बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण सरकारी कात्रीत एक गोष्ट निदान असते: कागद असतो. १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर'ला परिनिरीक्षण मंडळाने बत्तीस काटछाटी सुचवल्या. त्या कागदावर होत्या म्हणून दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात जाऊ शकले आणि जिंकलेही. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये पुण्यात 'घाशीराम कोतवाल' आलं. ते कुठल्या सरकारने बंद केलं नाही. ज्या संस्थेने ते बसवलं, त्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननेच एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबवलं, बाहेरचा विरोध नको म्हणून. याच्याविरुद्ध दाद कुठे मागायची? हुकूम नाही, कलम नाही, सुनावणी नाही. आपल्याच माणसांनी हात वर केले. शेवटी जब्बार पटेल आणि मंडळी बाहेर पडली, १९७३ च्या मार्चमध्ये थिएटर अकादमी स्थापन झाली आणि नाटक पुन्हा उभं राहिलं. पुण्याच्या त्या पोरांकडे हॅरिसनसारखा पैसा नव्हता. त्यांनी ते अंगमेहनतीवर केलं, याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान आहे. पण तिथेही नाटक वाचलं ते काही माणसांच्या जिद्दीमुळे. व्यवस्थेने वाचवलं नाही.

आज ही मालकाची कात्री मोबाइलच्या पडद्यामागे गेली आहे. देव पटेल या ब्रिटिश अभिनेत्याने भारतात घडणारा 'मंकी मॅन' हा सूडपट केला. आधी तो नेटफ्लिक्सने घेतला होता. पण त्यातल्या राजकीय रंगामुळे तिथे चलबिचल झाल्याच्या बातम्या आल्या आणि शेवटी जॉर्डन पील या अमेरिकन दिग्दर्शकाच्या पुढाकाराने युनिव्हर्सलने तो उचलला. २०२४ च्या एप्रिलमध्ये तो लंडन-न्यूयॉर्कमध्ये लागला, भारतातल्या थिएटरांत ठरल्याप्रमाणे आला नाही. चाळीस वर्षं उलटली, तरी गोष्ट तीच: घाबरलेला मालक, आणि नशिबाने भेटलेला दुसरा. आपल्या इथल्या लेखक-दिग्दर्शकांशी बोललं की कळतं, आता तर चित्रपट पुरा व्हायचीही गरज नसते. पटकथेतच "हे पात्र आमदाराऐवजी व्यापारी करू या का?" असं कुणीतरी हळूच सुचवतं. लेखकही दमलेला असतो. करतो.

यावर उपाय म्हणून धीर धरा, निर्भय व्हा असं सांगण्यात अर्थ नाही. पगार ज्याच्या हातात, त्याच्यापुढे निर्भय होणं सोपं नसतं. मला कायद्यातली एक गोष्ट बदललेली हवी आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५७ वं कलम फार मोलाचं आहे. आपली कृती विकून टाकल्यानंतरही, तिची मोडतोड करून आपली बदनामी होत असेल तर ती रोखण्याचा हक्क ते कर्त्याला देतं. पण चित्रपटाचा कर्ता कोण? त्याच कायद्याची व्याख्या सांगते: निर्माता. म्हणजे कात्री ज्याच्या हातात, मोडतोडीविरुद्ध तक्रार करण्याचा हक्कही त्यालाच! २०१० च्या दुरुस्ती विधेयकात प्रमुख दिग्दर्शकाला सहकर्ता मानण्याची तरतूद आली होती. संसदीय समितीने ती नको म्हटलं आणि २०१२ मध्ये कायदा झाला तेव्हा ती गळून पडली. गीतकार-संगीतकारांना त्या दुरुस्तीत मानधनाचा रास्त हक्क मिळाला, तो मिळायलाच हवा होता. नटांनाही आपल्या कामाची विकृती रोखण्याचा हक्क मिळाला. म्हणजे आज आपल्याकडे एखाद्या हॉस्किन्सचा आवाज काढून दुसऱ्याचा भरला तर तो निदान कलमावर बोट ठेवून भांडू शकेल. मॅकेन्झी मात्र भांडू शकणार नाही. ज्याने तो चेहरा दोन मिनिटं धरून ठेवायचं ठरवलं, त्याला कायद्यात जागाच नाही.

इंग्लंडने १९८८ च्या कायद्यात दिग्दर्शकाला हा हक्क दिला. तिथे तो करारात लिहून सोडून देता येतो, ही त्यातली मोठी पळवाट. आपण करू तेव्हा ती ठेवू नये. निर्मात्याने चित्रपट लावू नये म्हटलं तर त्याला कोणी जबरदस्ती करू शकत नाही, हे मला मान्य आहे. पण लावायचा नसेल तर ठरावीक मुदतीनंतर, घातलेला पैसा परत घेऊन, दुसऱ्याकडे नेण्याची मुभा दिग्दर्शकाला असावी. आणि कथेचा कणाच मोडेल अशी काटछाट करायची तर ती कारणांसह लेखी द्यावी लागावी. कागदावर कारण लिहायचं म्हटलं की निम्म्या सूचना तिथल्या तिथे विरतील, हे मी कचेरीत काढलेल्या तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. मराठी चित्रपट महामंडळाने आणि लेखक-दिग्दर्शकांच्या संघटनांनी ही मागणी पुन्हा उचलावी. २०१० मध्ये ती दिल्लीत अगदी संसदेच्या दारापर्यंत गेली होती, मसुदा लिहून तयार होता.